एरी, इके आणि तळे

चेन्नईतील टी. नगर ही वसाहत आज दक्षिणेतील सर्वांत गजबजलेल्या व्यापारपेठांपैकी एक म्हणून ओळखली जाते. पनगल पार्क, उस्मान रोड, पाँडी बाजार ही नावे रेशमी वस्त्रे आणि सोने यांच्याशी इतकी जोडली गेली आहेत, की शंभर वर्षांपूर्वी येथे विस्तीर्ण पाणी होते यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. परंतु ते होते. नुंगंबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने लांबवर पसरलेल्या त्या जलाशयाला इंग्रजी नकाशांत 'लाँग टँक' असे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे गोऱ्या साहेबांच्या नौकांच्या शर्यती होत. १९२३ च्या सुमारास बांध फोडून पाणी सोडून देण्यास आरंभ झाला आणि तळाच्या जमिनीवर नवी वसाहत आखली गेली. जस्टिस पक्षाचे अध्वर्यू सर पिट्टी त्यागराय चेट्टी (१८५२–१९२५) यांचे नाव तिला मिळाले. रस्त्यांना आणि उद्यानांना त्यांच्या सहकाऱ्यांची नावे मिळाली. पाण्याची आठवण तेवढी रेल्वेमार्गाच्या पलीकडे, पश्चिम मांबळममध्ये, 'लेक व्ह्यू रोड' या नावात उरली. ज्या तळ्याकडे तो रस्ता पाहतो ते तळे नाही. आणि जेव्हा होते तेव्हा ते 'लेक' नव्हते, इंग्रजांच्याच लेखी 'टँक' होते, आणि तेथील शेतकऱ्यांच्या लेखी 'एरी' होते.

ही तीन नावे म्हणजे एकाच वस्तूचे तीन पर्याय, असे कोशकार म्हणेल. प्रस्तुत लेखाचा विषय हा की ते तसे नाहीत. आणि 'टँक' या एका शब्दाने किती निरनिराळ्या वस्तू एका पांघरुणाखाली घेतल्या याचा इतिहास भाषांतरकाराने नीट पाहण्यासारखा आहे. जपानी कवितेचे मराठीकरण करणाऱ्याला तर या इतिहासाशी थेट कर्तव्य आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

तमिळ भाषेत साठलेल्या पाण्याला नावांची वाण नाही. 'एरी' म्हणजे ओढ्याला किंवा उताराला आडवा बांध घालून अडविलेले, शेतीसाठी राखलेले पाणी. ते भरले की जादा पाणी सांडव्यावाटे खालच्या गावाच्या एरीत जाते. अशा एऱ्यांची साखळी मैलोगणती चालते. 'कुळम्' म्हणजे स्नानाचे, देवळापाशी पायऱ्यांनी बांधलेले पाणी. 'ऊरुणी' म्हणजे गावाने प्यायचे पाणी. शब्दातच 'ऊर' म्हणजे गाव आणि 'उण्' म्हणजे सेवन करणे हे दोन्ही आहेत. 'पोय्गै' हे बहुधा नैसर्गिक, कमळांचे तळे. पहिल्या आळवारांपैकी एकाचा जन्म कांचीच्या अशा पोय्गैत झाला अशी श्रद्धा असल्याने त्याचे नावच पोय्गै आळवार. 'तांगल' हे थांबून राहिलेल्या पाण्याचे लहान साठवण. वेडंतांगल या पक्ष्यांच्या गावाच्या नावात ते दिसते. मदुरै-रामनाथपुरम् भागात एरीलाच 'कण्माय्' म्हणतात. आणि जनावरे धुण्याचे गढूळ डबके ते 'कुट्टै'. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनाने यांतील बहुतेक सर्वांपुढे एकच शब्द लिहिला : टँक.

या शब्दाची कुळकथाही मौजेची आहे, आणि मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. पोर्तुगीजांजवळ 'तांक' हा शब्द होता, अडविलेले पाणी या अर्थाचा. पश्चिम भारतात मात्र त्यांच्या आगमनापूर्वीपासून 'टांके', 'टाकें' असा शब्द चालत होता. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात दोन्ही बाजूंचा विचार केलेला आढळतो. दोन निरनिराळे शब्द योगायोगाने सारखे दिसले आणि इंग्रजी तोंडात एक झाले, असे मानण्यास जागा आहे. महाराष्ट्रात 'टाके' म्हणजे खडकात खोदलेले पाणी. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर ते आजही आहे. त्याच्याही आधी, कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत याच वस्तूला 'पोढी' म्हटले आहे. दात्याने लेणे दिले आणि पोढी दिली, असे ते लेख सांगतात. तेव्हा जो शब्द कातळात कोरलेल्या, चार भिंतींच्या, झाकता येण्याजोग्या पाण्याचा होता, तो मद्रासकडे जाऊन मैलभर लांबीच्या, एका बाजूस बांध व तीन बाजूंस मोकळे शिवार असलेल्या एरीला चिकटला. टाके हे भांडे आहे. एरी हे भांडे नाही. तो एका प्रवाहाचा मुक्काम आहे.

हा फरक केवळ शब्दांचा किस पाडण्यापुरता नाही. मदुरांतकम् येथील देवालयाला 'एरी कात्त रामर्', म्हणजे एरी राखणारा राम, असे नाव आहे. १७९४ ते १७९८ या काळात चिंगलपेटचा कलेक्टर असलेल्या लायोनेल प्लेस याच्याविषयीची आख्यायिका त्या नावाशी जोडलेली आहे. दरवर्षी फुटणारा बांध मुसळधार पावसात पाहावयास गेलेल्या त्या साहेबाला धनुर्धारी दोन तरुण बांधावर पहारा देताना दिसले, बांध टिकला, आणि साहेबाने जनकवल्ली अम्मनच्या मंदिरासाठी साहाय्य केले, असे सांगतात. कथेची शहानिशा करण्याचे येथे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की या देवाचे नाव इंग्रजीत नेले की तो 'टँक' राखणारा होतो; आणि टाकीवर पहारा देणारा देव ही कल्पना हास्यास्पद वाटते. एरी राखणे म्हणजे काय हे ज्या समाजाला ठाऊक होते, त्यानेच तिच्या रक्षणासाठी देव नेमला. गावकऱ्यांनी श्रमदानाने बांध दुरुस्त करण्याच्या प्रथेला तमिळमध्ये 'कुडिमरामत्तु' म्हणतात. त्यातील 'मरामत' मराठी माणसाला ओळखू यावी. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द दोन्ही भाषांच्या दफ्तरांत स्थिरावला. सरकारने पुढे १८८३ पासून एऱ्यांच्या दुरुस्तीची स्वतंत्र योजना हाती घेतली, पण तिचेही नाव टँकांच्या जीर्णोद्धाराचेच.

अर्थात, शब्दाने लाँग टँक आटविला असे म्हणणे म्हणजे शब्दाला नसते सामर्थ्य देणे होईल. शहर वाढत होते, घरांना जमीन हवी होती, आणि ज्या शेतांना ते पाणी जात असे ती शेते हटत चालली होती. ही कारणे पुरेशी आहेत. तथापि, कोणत्याही निर्णयाला शब्दांतूनच जावे लागते. 'टँक रिकामा करणे' हे वाक्य ऐकणाऱ्याला काहीच खटकत नाही. भांडे असतेच रिकामे करण्यासाठी. 'एरी फोडणे' हे वाक्य तमिळ शेतकऱ्याच्या तोंडी अपघाताचे किंवा गुन्ह्याचे आहे. १ आणि २ डिसेंबर २०१५ रोजी अड्यार नदीला महापूर आला तेव्हा पश्चिम मांबळम जलमय झाले. नोव्हेंबर २०२१ च्या पावसात टी. नगरचे रस्ते पुन्हा पाण्याखाली गेले. मधल्या काळात, २०१९ च्या उन्हाळ्यात, त्याच शहराला पाण्याचा थेंब दुर्मिळ झाला. हे घडले तेव्हा वृत्तपत्रांतून 'लेक' हा शब्द आला. चेंबरंबाक्कम 'लेक'मधून किती पाणी सोडले, याची चर्चा झाली. 'टँक' जाऊन 'लेक' आला, आणि बांध घालून माणसांनी उभारलेली वस्तू निसर्गनिर्मित सरोवर बनली. पहिल्या शब्दाने तिचा प्रवाह लपविला होता. दुसऱ्याने तिचा कर्ता लपविला.

जवळच नुंगंबाक्कमच्या अशाच आटविलेल्या तळ्याच्या जागेवर १९७६ साली उभारलेले वळ्ळुवर कोट्टम् हे स्मारक आहे. तिरुक्कुरळात वळ्ळुवराने शहाण्या दात्याच्या संपत्तीला भरलेल्या ऊरुणीची उपमा दिली आहे. ती उपमा देणाऱ्या कवीचे स्मारक बुजविलेल्या पाण्यावर उभे आहे, याची खंत त्या शहरातील किती जणांना वाटते कोण जाणे.

मराठी वाचकाने चेन्नईला नावे ठेवण्याचे कारण नाही. मुंबईत धोबी तलाव आहे, तेथे तलाव नाही. सी. पी. टँक आहे, तेथे टाके नाही. दो टाकीला एकही टाकी नाही. ज्या गोवालिया टँकच्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव झाला, ते मैदान तळे बुजवूनच झालेले. येथे ध्यानात यावे की 'तलाव', 'टँक' आणि 'टाकी' हे तीनही शब्द मुंबईने जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले; वाळकेश्वरच्या बाणगंगेला मात्र कोणी टँक म्हणत असले तरी तिचे तीर्थपण पुसले गेले नाही. नाव तीर्थाचे राहिले, पाणीही राहिले. हा कार्यकारणभाव नव्हे, पण योगायोग विचार करण्याजोगा आहे.

आता जपानकडे वळू. तोक्यो शहरात अकासाका भागात 'तामेइके' नावाची जागा आहे. १९९७ साली उघडलेल्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकाच्या नावातही तो शब्द आला आहे. 'तामे' म्हणजे साठविणे, 'इके' म्हणजे तळे. हे साठवणीचे तळे मेइजी काळात (१८६८–१९१२) हळूहळू बुजविले गेले आणि नाव तेवढे राहिले. म्हणजे टी. नगर, धोबी तलाव आणि तामेइके या तिघांची कथा एक. फरक इतकाच की जपानी नावाने वस्तूचे स्वरूप सोडले नाही : पाणी साठविले होते, माणसांनी साठविले होते, हे आजही स्थानकाच्या पाटीवर वाचता येते.

इंग्रजीत 'पाँड' आणि 'लेक' हे दोन शब्द आकारावर विभागलेले आहेत. लहान ते पाँड, मोठे ते लेक. जपानीतील विभागणी निराळ्या कसोटीवर आहे. 'मिझुउमी' म्हणजे शब्दशः पाण्याचा समुद्र, गोड्या पाण्याचा सागर. बिवासारख्या खोल, विशाल सरोवराला तो लागतो, आणि विशेषनामात त्याच चिन्हाचा उच्चार 'को' होतो. 'नुमा' म्हणजे उथळ, तळाशी चिखल असलेले, पाणवनस्पतींनी भरलेले पाणी. चिबा प्रांतातील इंबा-नुमा विस्ताराने मोठे असूनही नुमाच आहे. 'फुची' म्हणजे नदीतील खोल जागा. त्याला मराठीत 'डोह' हा नेमका शब्द तयार आहे. इंग्रजीला त्यासाठी 'पूल' या शब्दावर भागवावे लागते, जो पोहण्याच्या हौदालाही लागतो. आणि 'इके' म्हणजे सामान्यतः माणसाच्या वापरातले, बहुधा माणसाने खोदलेले किंवा अडविलेले पाणी. 'सामान्यतः' आणि 'बहुधा' हे शब्द येथे मुद्दाम घातले आहेत. कारण उएनो येथील शिनोबाझु हे मुळात नैसर्गिक पाणी असूनही इकेच म्हणविते. भाषेचे व्यवहार व्याकरणाच्या सूत्रांप्रमाणे चालत नाहीत.

इकेला आकाराचे बंधन नाही याचे उत्तम उदाहरण म्हणजे शिकोकू बेटावरील मान्नो-इके. आठव्या शतकाच्या आरंभी बांधलेले म्हणून परंपरेने मानलेले हे शेतीचे तळे फुटले तेव्हा ते दुरुस्त करण्याचे काम ८२१ साली कूकाई या भिक्षूवर सोपविण्यात आले. शिंगोन पंथाचा हा संस्थापक चीनमध्ये एका भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकून आला होता. कूकाईच्याही आधी ग्योगी नावाच्या भिक्षूने गावोगाव इके आणि पूल बांधण्यात आयुष्य घालविले. ओसाकाजवळच्या सायामा-इकेची दुरुस्ती त्याच्या नावावर आहे. ७३६ साली भारतातून बोधिसेन नावाचा भिक्षू जपानला पोचला तेव्हा त्याच्या स्वागताला हाच ग्योगी गेला होता, आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेनाच्या हातून झाले. बांध घालणे हे धर्मकार्य आहे ही समजूत मदुरांतकम्मध्ये जशी होती तशी तेथेही होती. मान्नो-इकेला इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके कधी पाँड म्हणतात, कधी लेक, कधी रिझर्व्हॉयर. तमिळ माणूस त्याला पाहताक्षणी एरी म्हणेल.

आणि ज्या इकेत बाशोचा बेडूक उडी घेतो तेही इकेच. १६८६ सालची ही कविता जगातील बहुतेक भाषांत गेली आहे. लॅफ्काडिओ हर्न याने १८९८ मध्ये ती इंग्रजीत आणली ती 'पाँड' या शब्दाने, आणि पुढे बहुतेकांनी तोच शब्द ठेवला. भारतात हायकूची चर्चा प्रथम १९१६ च्या आसपास झाली. त्या वर्षी रवींद्रनाथ जपानला गेले. आणि त्याच वर्षी सुब्रह्मण्य भारतीने योने नोगुची याच्या कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'तील लेखावरून मद्रासच्या 'स्वदेशमित्रन्' पत्रात जपानी कवितेचा परिचय तमिळ वाचकांना करून दिला. रवींद्रनाथांनी 'जापान-यात्री' (१९१९) या प्रवासवर्णनात बाशोचा बेडूक बंगालीत आणला आणि इकेसाठी शब्द योजला 'पुकुर'. हिंदीत अज्ञेयांनी 'ताल' निवडला. या दोन निवडी एका तोलाच्या नाहीत. पुकुर हे बंगालच्या घरामागचे खोदलेले तळे. त्यात मासे पाळतात, भांडी घासतात, पोरे पोहतात. 'ताल' काव्यमय आहे, लयीला सोयीचा आहे, पण भोपाळच्या तालाची आठवण झाली की डोळ्यांसमोर येणारे पाणी बेडकाच्या उडीच्या आवाजाला गिळून टाकील इतके मोठे होते. रवींद्रनाथांची निवड अधिक खरी आहे. बाशोची झोपडी एदो शहरातील फुकागावा येथे होती आणि ती त्याला दिली होती सुगियामा सांपू या शिष्याने, जो मासळीचा व्यापारी होता. मासे जिवंत ठेवण्यासाठी सांपूने राखलेले, पुढे वापरातून गेलेले तळे त्या झोपडीजवळ होते आणि कवितेतील तळे तेच, असे परंपरा मानते. हे मानले तर ते तळे 'जुने' कशाने झाले याचाही उलगडा होतो. ते पुरातन नाही. ते टाकून दिलेले आहे.

मराठी भाषांतरकाराची परीक्षा येथे होते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला आणि त्यानंतर जपानी हायकूंची मराठी रूपे पुष्कळांनी केली. त्यांतील बहुतेक इंग्रजीवरून. 'पाँड' समोर ठेवून बसलेल्या लेखकापुढे 'तळे', 'डबके', 'डोह', 'तलाव', 'सरोवर', 'जलाशय' असे शब्द उभे राहतात आणि तो कानाला गोड लागेल तो उचलतो. 'सरोवर' घेतला की हंस आले. बेडकाला तेथे प्रवेश नाही. 'जलाशय' हा पाटबंधारे खात्याचा शब्द. 'डोह' मराठी कवितेला फार प्रिय आहे. गूढता हवी असली की मराठी कवी डोहाकडे जातो. पण डोह नदीत असतो, तो फुची आहे, आणि त्याच्या खोलीत कालियाच्या कथेपासूनचे भय दडलेले आहे. बाशोच्या पाण्यात भय नाही. 'डबके' खरेपणाच्या आग्रहातून सुचते, पण डबके हे पावसाचे, दोन महिन्यांचे असते. ते जुने होत नाही. 'तलाव' म्हटले की मराठी मनात बांध येतो. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव हे त्याचे खरे रूप. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने बांधलेली ती साखळी तमिळ एऱ्यांची सख्खी बहीण आहे. आणि त्याच भागात शेताकाठच्या लहान साठवणीला 'बोडी' असा निराळा शब्द आहे, जो पुण्या-मुंबईच्या कोशांपर्यंत क्वचितच पोचतो. तेव्हा मान्नो-इकेला मराठीत 'तलाव' म्हणावे, बाशोच्या इकेला 'तळे' म्हणावे. जपानी शब्द एक, मराठी शब्द दोन, आणि दोन्ही बरोबर. एका मूळ शब्दाला सर्वत्र एकच प्रतिशब्द ठेवावा असा जो दंडक शास्त्रीय परिभाषेत योग्य आहे, तो येथे लावला तर दोहोंपैकी एक कृती बिघडते.

'जुने' या विशेषणाबाबतही इंग्रजीचा वळसा नडतो. इंग्रजी 'ओल्ड' माणसालाही लागतो आणि वस्तूलाही. जपानीत 'फुरुई' वस्तूला लागतो. वयोवृद्ध माणसाला तो लावीत नाहीत. मराठीतही तळे जुने असते, माणूस म्हातारा असतो, आणि या दोहोंची गल्लत मराठी मूलही करीत नाही. म्हणजे जो भेद जपानी पाळते तोच मराठी पाळते. मधल्या इंग्रजी पुलावरून जाताना तो पाण्यात पडतो, आणि भाषांतरकार 'पुरातन', 'प्राचीन', 'वृद्ध' असे शब्द चाचपीत बसतो. 'वृद्ध तळे' असा प्रयोग कोणी केला तर त्यात नावीन्य असेल, बाशो नसेल. पुष्कळदा असे दिसते की इंग्रजीत एकाच शब्दात कोंबलेले दोन जपानी शब्द मराठीत आपापल्या जागी आधीच बसलेले असतात. त्यांना मूळ लिपीतून ओळखण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात. उलटही घडते. जपानीत थंड पाणी 'मिझु' आणि ऊन पाणी 'यु'. हे निरनिराळे पदार्थच जणू. मराठीला दोन्ही 'पाणी'. तेथे मराठीने आपली गरिबी मान्य करावी आणि 'ऊन' हे विशेषण जोडून पुढे जावे.

टी. नगरमध्येच, त्या आटलेल्या एरीच्या तळावर, महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९१८ साली सुरू झालेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे कार्यालय आहे. तमिळ मुलांना एका भाषेतील शब्द दुसरीत नेण्याचे शिक्षण तेथे दिले जाते. एरीला हिंदीत 'तालाब' म्हणावे लागते आणि कुळम्लाही 'तालाब'च. परीक्षेत गुण मिळण्यास ते पुरेसे आहे. एखाद्या तमिळ कादंबरीचे मराठीकरण करणाऱ्याला मात्र तेवढ्यावर थांबता येणार नाही. त्यात मांबळमचा एखादा म्हातारा लेक व्ह्यू रोडवर उभा राहून येथे पूर्वी एरी होती असे म्हणाला, तर मराठीत 'येथे तळे होते' असे लिहून भागेल काय? तळे म्हटले की एक गोल, शांत पाणी डोळ्यांपुढे येते. म्हाताऱ्याच्या मनात बांध आहे, सांडवा आहे, खालच्या गावाकडे जाणारा पाट आहे. भंडाऱ्याकडच्या वाचकाला 'तलाव' या शब्दात ते सारे मिळेल. मुंबईच्या वाचकाला 'तलाव' म्हटले की ट्रामचा जुना थांबा आठवेल. अशा ठिकाणी 'एरी' हा शब्द तसाच ठेवावा, आणि पुढच्या वाक्यात बांधावरून चालत जाणाऱ्या कोणाची तरी पावले येऊ द्यावीत, म्हणजे वाचकाला त्याचा अर्थ कळेल.